बिनमानेचा मावळा

(मंडळाच्या किल्ला कार्यशाळेच्या सुरुवातीला केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि मागच्या टेबलाखालच्या चिखलाच्या बादल्या बघून बच्चेकंपनीचा धीर सुटत चाललाय, तेव्हा थेट मुद्द्यावर येतो. यंदाच्या किल्ला स्पर्धेत विकतची चित्रं ठेवायची नाहीत, ही सूचना माझी. त्यावरून आपल्यात थोडी कुजबुज चालू आहे हे मला ठाऊक आहे. म्हणून म्हटलं, काय ते माईकवरच बोलावं.

'चित्रं' म्हणजे किल्ल्यावर मांडायच्या मातीच्या बाहुल्या, हे मला लग्नानंतर कळलं. बायको पुण्याची, मी अकोल्याचा. आमच्या गल्लीत दिवाळीला किल्ला क्वचितच दिसायचा. आमचं मातीचं कॅलेंडर वेगळं. पोळ्याला ज्यांच्या घरी बैल नाहीत ते मातीच्या बैलजोडीची पूजा करायचे. मग गणपती. आणि भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर भुलाबाई! भुलोजी, भुलाबाई आणि तिच्या मांडीवर बाळ. ही शंकर-पार्वतीच, असं मोठी माणसं सांगायची. पण माझी आजी जी भुलाबाई करायची ती थेट शेजारच्या काकूंसारखी दिसायची. गोल चेहरा, कानापर्यंत गेलेले डोळे, आणि बाळ म्हणजे मांडीवर ठेवलेलं वांगं! मुली टिपऱ्या घेऊन गाणी म्हणत घरोघर जायच्या, शेवटी बंद डबा हलवून खिरापत ओळखायची. आम्ही मुलगे त्या खिरापतीपुरते भुलाबाईचे भक्त.

पुण्याच्या चित्रांमध्ये मंडळी जास्त. भाला घेतलेला मावळा, डोक्यावर हंडा घेतलेली गवळण, मेंढपाळ, साधू, तोफ, आणि गुहेतला वाघ. हा वाघ नेहमी किल्ल्याच्या दरवाज्यापेक्षा मोठा! तो एकदा उठला तर अख्खी शिबंदी फस्त करील. पण एवढ्या वर्षांत त्याबद्दल कुणी तक्रार केलेली ऐकली नाही.

आता माझ्यातला इंजिनीयर जरा बोलणार आहे, सहन करा. आजीची भुलाबाई, पोळ्याचा बैल आणि पुण्याचा मावळा शेजारी ठेवून बघा. बैलाचे पाय आखूड आणि जाड. मावळ्याचे हात अंगाला चिकटलेले. गवळणीचा घागरा म्हणजे उपडा शंकू. घोड्याच्या पोटाखाली बऱ्याचदा मातीचा गोळा तसाच सोडलेला. आणि मान कुणालाच नाही, पागोटं सरळ खांद्यावर! आपल्याला वाटतं, स्वस्तातला माल, कुणी मेहनत घेतली नाही. तसं नाही हो. ओली माती स्वतःचं वजन पेलत नाही. बारीक पाय वाकतो. बारीक भाग आधी वाळून आकसतो, जाड भाग मागे राहतो, आणि दोघांच्या सांध्यात तडा जातो. मान म्हणजे तर बारीक काठीवर ठेवलेला कलिंगडासारखा गोळा, ती मोडणारच. म्हणून कुंभाराने मानच काढून टाकली. आमच्या धंद्यात असं काही जमलं की आम्ही त्यावर चाळीस स्लाईड्सचं प्रेझेंटेशन करतो!

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. माझी सात वर्षांची लेक मागच्या दिवाळीत मावळा करत होती. तीनदा मान मोडली. चौथ्यांदा तिने डोकं सरळ खांद्यावर दाबून बसवलं, अंगठ्याने पागोट्याचा काठ ओढला आणि म्हणाली, "बाबा, ही इज स्ट्राँगर धिस वे." तिला कुणी सांगितलं नव्हतं. पुण्याचा कुंभारवाडा तिने पाहिलेलाही नाही. पण मातीने तिला तेच उत्तर दिलं. आता सांगा, डब्यातून काढून मांडलेल्या प्लास्टरच्या मावळ्याने तिला हे दिलं असतं का?

गेल्या वर्षीच्या स्पर्धेतली एक गोष्ट सांगतो, नाव घेत नाही. परीक्षक यायच्या दोन मिनिटं आधी एका आईने मुलाने केलेला वाघ उचलून किल्ल्याच्या मागे ठेवला आणि पुढे विकतचा वाघ मांडला. मुलगा काही बोलला नाही. त्या माऊलीला मी दोष देत नाही, कारण 'सुबकता' या रकान्याला आपण दहापैकी चार गुण ठेवले होते! तो रकाना काढा, एवढंच माझं म्हणणं आहे.

विकतच्या चित्रांमागे एक अडचण होती, तीही मान्य. इथे माती कुठून आणायची? भारतातून माती आणायला अमेरिकेच्या कृषी खात्याची परवानगी लागते, बॅगेत घालून आणायची सोय नाही. पण मंडळी, आपण नॉर्थ कॅरोलायनात राहतो! मागच्या अंगणात वीतभर खणलं की लालभडक चिकणमाती. लोहामुळे आलेला तोच रंग, जो बघून आपल्या रत्नागिरीच्या काकूंचे डोळे भरून येतात. लॉनसाठी ही माती म्हणजे शाप, आपल्या कामाला मात्र नंबर एक. इथून सव्वा-दीड तासावर सीग्रोव्ह नावाचं गाव आहे. तिथे अठराव्या शतकापासून कुंभारकाम चालत आलंय, पॉटरी सेंटर आहे, एकदा मुलांना घेऊन जाच.

आणि गंमत म्हणजे इथल्या कुंभारांनाही चेहऱ्यांचा नाद. सुरईला बटबटीत डोळे आणि विचकलेले दात लावलेले 'फेस जग' तुम्ही दुकानांत पाहिले असतील. त्यांचा उगम गमतीचा नाही. शेजारच्या साऊथ कॅरोलायनातल्या एजफील्ड भागात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर गुलामीत राबणाऱ्या आफ्रिकन कुंभारांनी असे चेहरे घडवले. त्यांची स्वतःची नावं बहुतेक ठिकाणी कुणी लिहून ठेवली नाहीत, चेहरे तेवढे राहिले. पुढे आपल्याच राज्यातल्या कटाबा खोऱ्यात बर्लन क्रेग (१९१४-२००२) या कुंभाराने असे जग घडवणं चालू ठेवलं. १९८४ साली त्यांना लोककलेसाठी देशपातळीवरचा सन्मान मिळाला. त्यांच्या जगाचे डोळे आणि माझ्या आजीच्या भुलाबाईचे डोळे यांत मला तरी फार फरक दिसत नाही.

आता सणांची सरमिसळ. २०२४ साली हॅलोविन आणि दिवाळी एकावर एक आली होती. आमच्या किल्ल्याच्या तटावर लेकीने मातीचा भोपळा आणून ठेवला, नाक-डोळे कोरलेला! बायको म्हणाली, हे काय? लेक शांतपणे म्हणाली, "त्यात आजी आहे." टुणूक टुणूक उड्या मारत जंगलातून जाणाऱ्या भोपळ्यातली आजी! वर खिडकीतून बघावं तसं आजीचं नाकही बाहेर काढलं होतं. वाघ आणि कोल्हा किल्ल्यावर आधीच हजर होते, गोष्ट पुरी झाली. माझ्या मते त्या वर्षीची ती सर्वांत मराठी गोष्ट होती. भुतं हवी असतील तर आपल्याकडे मुंजा आहे, हडळ आहे, वेताळ आहे. सिंधुदुर्गात आरवलीच्या वेतोबाला भक्त भल्यामोठ्या चपला वाहतात. मुलांना एवढं सांगून बघा, पाच मिनिटांत वेताळ आणि त्याच्या चपला तयार!

राहता राहिला आक्षेप आदराचा. आपल्यातल्या ज्येष्ठांचं म्हणणं, महाराजांची मूर्ती वेडीवाकडी झालेली बघवत नाही. हे मला पटतं. २०२५ साली युनेस्कोने रायगड, राजगड, सिंधुदुर्गापासून तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंत बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. ज्यांच्यामुळे ते घडलं त्यांच्याशी खेळ नको. तेव्हा सिंहासनावरची मूर्ती घरची, चांगली, भारतातून आणलेली असू दे. बाकी सगळे, म्हणजे मावळे, गवळणी, वाघ, मेंढ्या, मुलांच्या हातचे. मावळे काही दरबारी चित्रातून उतरलेले नव्हते. मुलांच्या हातून एखादा बुटका झाला, एखादा तिरळा झाला, तर महाराज त्याला गडावरून हाकलतील असं मला वाटत नाही.

आता कामाचं. बादलीतली माती मी तीन आठवड्यांपूर्वी खणली, वाळवून कुटली, पाण्यात भिजवली, जुन्या ओढणीतून गाळली आणि वरचं पाणी काढून कापडावर सुकवली. हातात घ्या आणि पोळीच्या कणकेसारखी मळा. वळी करून बोटाभोवती गुंडाळा. चिरली तर अजून मळा, हाताला चिकटली तर वर्तमानपत्रावर थापटा. जोड द्यायचा तिथे दोन्ही बाजूंना टूथपिकने रेघा मारा, पातळ चिखल लावा आणि मग दाबा. नुसतं चिकटवलेलं शेपूट उद्या सकाळी टेबलावर सापडेल. सुपारीपेक्षा जाड काही असेल तर खालून काडीने पोकळ करा. पहिला दिवस प्लास्टिकच्या पिशवीखाली झाकून ठेवा, मग सावलीत. व्हेंटसमोर नको! ओव्हनमध्ये तर मुळीच नको, ही माती भाजायला भट्टी लागते. कच्चीच ठेवायची, वर पोस्टर कलर. आणि बिघडलं तर पाण्यात टाका, पुन्हा माती. आमच्या सॉफ्टवेअरइतकं चांगलं 'अन्डू' या एकाच ठिकाणी मी पाहिलंय.

अळीव पेरायचे असतील त्यांनी वाटीभर बी दारापाशी ठेवलंय, तिथून घ्या. किल्ल्यावर चार-पाच दिवसांत हिरवळ येते.

आई-बाबांना विनंती, तुम्ही फक्त माती मळून द्यायची. मुलाच्या मावळ्याला मान लावायला जाऊ नका. चला, बाह्या वर करा, बादल्या उघडतोय!