जवानाची पेन्शन म्हणजे मेहेरबानी नव्हे
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कपाशी-ज्वारीच्या मेळाव्यात जवानाच्या पेन्शनचा विषय कशाला, असे कोणी विचारील. पाऊस दगा देतो, म्हणून कोरडवाहू घरातला एक पोरगा वावरात आणि एक पलटणीत, अशी वाटणी आपण करतो. पलटणीतला निवृत्त होऊन त्याच वावरात परत येतो.

सरकारी कारकून साठीपर्यंत नोकरी करतो. जवानाला मात्र, फौज तरुण राहावी म्हणून, ३५ ते ४० च्या वयातच घरी पाठवतात. तेव्हा पोरे शाळेत असतात. पुढच्या वीस वर्षांत वेतन आयोग येतात, कारकुनाचा पगार वाढतो आणि वाढलेल्या पगारावर त्याची पेन्शन ठरते. जवानाची ठरते ती चाळिशीतल्या पगारावर.

म्हणून मागणी अशी : हुद्दा सारखा, सेवेची वर्षे सारखी, तर पेन्शनही सारखी, निवृत्तीचे साल पाहू नये. २०११ मध्ये राज्यसभेच्या कोश्यारी समितीने ती उचलून धरली. २०१५ च्या जूनमध्ये माजी सैनिक जंतरमंतरवर बसले, तेव्हा कुठे नोव्हेंबरात आदेश निघाला. त्यातही फेरआखणी दर ५ वर्षांनीच. मधल्या काळात नवा पुढे जातो, जुना मागे राहतो. १ जुलै २०१९ ची फेरआखणी मंजूर व्हायला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला आणि २०२२ चा डिसेंबर उजाडला.

शेतकऱ्याला कुठे पेन्शन आहे, मग आम्ही का बोलावे? कारण आम्हीही दान मागत नाही, घामाचे दाम मागतो. पेन्शन ही मेहेरबानी नव्हे, केलेल्या सेवेचा मोबदला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये नकारा खटल्यात सांगितले. न्याय दोघांचा एकच.

२०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. सेवा ४ वर्षे; शंभरातले फार तर २५ कायम; बाकीच्यांना सेवा निधीचे सुमारे ११.७१ लाख रुपये आणि पेन्शन नाही. पेन्शनीचा वाद मिटवायला पेन्शनच काढून टाकली!

आता कामाचे बोलू. गावी गेल्यावर माजी सैनिकांचे, विशेषतः त्यांच्या विधवांचे, पेन्शनचे कागद पाहा. फेरआखणीचा फरक मिळाला नसेल, तर त्यांना घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. एकट्या बाईला खिडकीवरून परत पाठवणे सोपे असते. मागे पंचवीस शेतकरी उभे असले की ते सोपे राहत नाही.