रेडिओतले अब्बा

डहाणूच्या आमच्या घरात अब्बांचा जुना रेडिओ आहे. अम्मीला आता नीट दिसत नाही, पण त्याचं बटण तिच्या बोटांना पाठ आहे. परवा तलासरीला बहिणीकडे अब्बांच्या आवाजाची एक कॅसेट सापडली. ती मी संगणकात उतरवली. पण संगणक माडीवर आणि अम्मी खाली!

रेडिओच्या मागे टेपची वायर जोडायचं सॉकेट होतं. तिथं छोटा ब्लूटूथ रिसीव्हर जोडला. ब्लूटूथचा पल्ला साधारण १० मीटर; मधे भिंत आली की आणखी कमी. म्हणून संगणकच जिन्याशी आणला. हौसेनं स्वयंपाकघरात वाय-फायचा स्पीकरही लावला, आणि तिथं घोटाळा झाला. ही बिनतारी यंत्रं आवाज आधी थोडा साठवतात, मग वाजवतात. प्रत्येकाचा उशीर वेगळा. खोलीतले अब्बा चिकूचा भाव सांगून मोकळे, अन् स्वयंपाकघरातले मागून पुन्हा तेच सांगतायत.

अम्मी दचकली. म्हणाली, "हा दुसरा कोण? त्याला गप्प कर."

मी स्पीकर बंद केला. तिनं चाचपत बटण शोधलं आणि आवाज वाढवला.