हिब्रू धर्मग्रंथांतील ईश्वर : उगम आणि स्वरूप



ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील ‘तेली का मंदिर’ येथे सर्वांच्या परिचयाचे आहे. कोकणात, आजच्या रायगड जिल्ह्यात, तेलाचे घाणे चालविणारा एक समाज ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला जाई. कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. हे बेने इस्राएल. नवगावजवळ गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून हा समाज वाढला, असे त्यांची परंपरा सांगते. ग्रंथ समुद्रात गेले, हिब्रू विस्मरणात गेली, घरात मराठी नांदू लागली. तरीही शनिवारचा विसावा, सुंता आणि ईश्वराचे एकत्व सांगणारी ‘शेमा’ ही प्रार्थना टिकून राहिली. मंदिर नाही, मूर्ती नाही, पोथीही नाही. मग हा ईश्वर टिकला कशाच्या आधारे?

उत्तरासाठी त्याच्या उगमाकडे वळावे लागते. ग्रंथाचा आरंभ विश्वनिर्मितीने होत असला, तरी त्यातील जुने थर निराळी हकिकत सांगतात. ‘इस्राएल’ या नावातच ‘एल’ आहे. एल हा कनानी देवमंडळाचा वृद्ध अधिपती. सीरियातील उगारित येथे १९२९ पासून सापडलेल्या मृत्पट्टिकांतून त्याच्या आणि पर्जन्यदेव बालाच्या कथा उजेडात आल्या. ‘यहोवा’ (मूळ उच्चार बहुधा ‘याहवे’) हे नाव मात्र जुन्या काव्यांत दक्षिणेकडील सीनाय व सेईर या डोंगराळ मुलखांशी जोडलेले दिसते. ‘निर्गम’ ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात ईश्वर मोशेला सांगतो, की अब्राहामाला तो ‘एल शद्दाय’ म्हणून दिसला, यहोवा हे नाव तेव्हा प्रकट झाले नव्हते. दोन प्रवाहांच्या संगमाची ही खूण अभ्यासक मानतात. सीनायमधील कुंतिलेत अजरूद येथे १९७५-७६ साली झालेल्या उत्खननात, इ.स.पू. ८०० च्या सुमाराच्या लेखांत यहोवाबरोबर ‘अशेरा’चाही उल्लेख मिळाला. एकेश्वरनिष्ठा एका दिवसात सिद्ध झाली नाही, हे यावरून दिसते.

भाषेतही ही वाटचाल उमटली आहे. ‘एलोहीम’ हा शब्द रूपाने अनेकवचनी. मराठीत आदरार्थी बहुवचनाबरोबर क्रियापदही अनेकवचनी होते. हिब्रूत मात्र इस्राएलाच्या ईश्वरासाठी हा शब्द योजताना क्रियापद बहुधा एकवचनीच राहते.

इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबिलोनच्या सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. नगर पडले म्हणजे त्याचा देवही हरला, अशी त्या काळची समजूत. यशयाच्या ग्रंथातील चाळिसाव्या अध्यायापासूनच्या भागाने नेमका उलट अर्थ लावला : दुसरा देवच नाही, जगज्जेते राजेसुद्धा त्याच्याच हातची साधने. यापूर्वीच्या संदेष्ट्यांनी यज्ञबलीपेक्षा न्याय श्रेष्ठ मानला होता. विधवा, अनाथ आणि परका यांची कैफियत ऐकणे हे त्या ईश्वराचे लक्षण ठरले होते. तो कोपतो, कळवळतो, करार करतो आणि तो पाळतो. भूमी व मंदिर गेल्यावर हा ईश्वर स्मरणात, आचारात आणि ग्रंथात राहू लागला. म्हणूनच तो कोकणच्या किनाऱ्यावरही टिकू शकला.

पुढे ग्रंथही परत आला, तो मराठीच्या वाटेने. १८३२ साली जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचे व्याकरण सिद्ध केले. जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. १८८० पासून तर बेने इस्राएल कीर्तनकार हरिदासी पद्धतीने बायबलमधील आख्याने लावू लागले.

दौलतराव शिंद्यांच्या लष्कराची छावणी १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली. तिच्याबरोबर आलेल्या मराठी घरांनी मूळ भूमीपासून दूर आपली भाषा राखली, तीही स्मरण, आचार आणि ग्रंथ यांच्याच बळावर. हिब्रू ईश्वराची ही कथा येथील वाचकास परकी वाटण्याचे कारण नाही.