घरच्या घरीं खर्जाची पेटी

कोकणांतील जत्रेंत दशावतार पाहिलेल्या मनुष्यास पखवाजाचा ध्वनि केवळ कानांनीं ऐकूं येत नाहीं. तो छातींत घुमतो. पायपेटी, झांज आणि पखवाज एवढ्या वाद्यांच्या बळावर सबंध रात्र उभी राहते. तोच खेळ मालवणचा चाकरमानी आज मुंबईच्या बिऱ्हाडीं संगणकावर लावतो, तेव्हां पायपेटी ऐकूं येते, झांज तर नको इतकी ऐकूं येते. पखवाजाच्या डाव्या अंगाचा घुमारा मात्र नाहींसा होतो. देवदानवांचें युद्ध चालू असतें, पण जमीन हादरत नाहीं. दोष बहुधा ध्वनिमुद्रणाचा नसतो. संगणकाच्या पोटांतील इवल्याशा स्पीकरांतून दर सेकंदास २०० कंपनांखालचें फारसें कांहीं उमटतच नाहीं. हा हरवलेला खर्ज मेजावर मावणाऱ्या, घरीं बांधलेल्या पेटींतून परत कसा मिळवावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

पखवाजवादक डाव्या पुडीवर कणीक लावतो. पुडीचें वजन वाढतें व स्वर खालीं उतरतो. खर्जाच्या स्पीकराचा पडदा जड व सैल ठेवितात तो याच कारणासाठीं. परंतु स्वर जितका खालचा, तितकी हवा अधिक ढकलावी लागते. एक सप्तक उतरून ध्वनि तेवढाच मोठा ठेवावयाचा, तर पडद्याची ये-जा चौपट व्हावी लागते. दुसरी अडचण अशी कीं, पडदा पुढें सरला म्हणजे पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणीं मागची विरळ होते. ५० कंपनांच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारें ७ मीटर. एवढी लांब लहर स्पीकराची कड सहज वळून जाते आणि पुढचा दाब मागच्या विरळ हवेंत जिरून जातो. म्हणून उघडा स्पीकर कितीहि भारी घेतला तरी खर्ज देत नाहीं. पेटी ही शोभेची वस्तु नव्हे. पखवाजाला जसें खोड, तशी स्पीकराला पेटी.

हालत्या वेटोळ्याच्या स्पीकराची शास्त्रशुद्ध मांडणी अमेरिकेंतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनीं १९२५ सालीं केली. पेटीचें गणित ऑस्ट्रेलियांत नेव्हिल थील यांनीं १९६१ सालीं मांडलें व रिचर्ड स्मॉल यांनीं १९७० नंतर तें पूर्णतेस नेलें. तेव्हांपासून पेटी आधीं कागदावर बांधतां येते. त्या गणितास लागणारे आकडे चांगला उत्पादक स्पीकराबरोबर देतो. जो देत नाहीं, त्याचा स्पीकर स्वस्त असला तरी घेऊं नये.

घागरीच्या तोंडावर फुंकर घातली कीं ती घुमते. पाणी भरून आंतली हवा कमी करा, स्वर चढतो. पेटीला नळी बसविण्याचें तत्त्व हेंच. आंतून २० सेंटिमीटर उंच, २० खोल व १५ रुंद अशी पेटी घेतली तर तींत ६ लिटर हवा मावते. तिला ४ सेंटिमीटर व्यासाची, सुमारें साडेचौदा सेंटिमीटर लांबीची नळी लाविली, तर ती ६० कंपनांच्या सुमारास घुमेल. स्पीकर व नळी यांनीं अडविलेली जागा हिशेबांत धरून पेटी किंचित् मोठी करावी. मात्र ६० च्या बरेंच खालीं पडद्याला हवेचा आधार राहत नाहीं; म्हणून ते ध्वनि गाळून टाकावे, नाहींतर पडदा मोकाट हालून फाटावयाचा.

सुमारें १३ सेंटिमीटरांचा खर्जाचा स्पीकर २०० कंपनांपर्यंतचें काम करील. वरचें काम लहान स्पीकराकडे द्यावें. तो त्याच पेटींत बसवावयाचा तर त्याच्यामागें स्वतंत्र बंद कप्पा हवाच, कारण खर्जाच्या दाबानें त्याचा नाजूक पडदा उगाच ढकलला जातो.

ही पेटी मालवणच्या घरीं न्यावयाची असेल, तर आणखी एक विचार करावा. तेथें पावसाळ्यांत भरपूर पाऊस पडतो आणि वाऱ्यांत बारमास मीठ असतें. फणसाची फळी आपल्याला जवळची खरी. पण सलग लाकूड पावसांत फुगतें, उन्हाळ्यांत आक्रसतें आणि सांधे उघडतात. लांकडाच्या भुशाचे दाबलेले तक्ते तर ओल लागतांच सुजतात. पाण्यास टिकणारें जाड प्लायवुड घ्यावें, आंतून-बाहेरून रोगण द्यावें, सांधे डिंकानें बुजवावे. पडद्याची कड फोमची नको, रबराची असावी. दमट हवेंत फोम कांहीं वर्षांत भुगा होतो. तारांचे डाख लाखेनें झांकावे.

शेवटीं एक व्यावहारिक सत्य सांगतों. पेटी लहान, खर्ज खोल आणि आवाज मोठा, या तिहींपैकीं दोनच गोष्टी एका वेळीं पदरांत पडतात. मेजावरच्या पेटीनें मोठ्या आवाजाचा मोह सोडावा. श्रोता हातभर अंतरावर बसलेला असतो. त्याला तेवढें पुरतें. शिवाय खर्ज भिंतीला जुमानीत नाहीं आणि शेजाऱ्याला दुसऱ्या दिवशीं कामावर जावयाचें असतें. बाजारांत तयार पेट्या पुष्कळ आहेत. परंतु आपल्या गांवच्या पखवाजाला आपल्या मेजावर किती जागा द्यावयाची, हें ठरविणें आपल्याच हातीं असतें. सहा लिटर जागा दिली, तर तो पुन्हां बोलूं लागेल.