माडावरचा उंदीर, बांधातली घूस

भात निसवायला लागलं की आमच्या गटाच्या बैठकीत हिशेबाआधी उंदरांचा विषय निघतो. कोवळे नारळ गळतात, लोंब्या तुटतात, मग कुणीतरी म्हणतं, औषध आणा. पण औषध कुणासाठी? आपल्या कोकणात रान, वाडी आणि खाचर एकमेकांना लागून, तरी तिथले कुरतडणारे वेगवेगळे.

देवराईत उंचावर शेकरू. ते क्वचितच जमिनीवर उतरतं, म्हणून फांद्या एकमेकींना भिडलेल्या असतील तरच टिकतं. झाडाच्या ढोलीत पांढऱ्या शेपटीचा रानउंदीर असतो. दोघांत भांडण नाही, कारण शेकरू दिवसा हिंडतं, उंदीर रात्री. साळींदराचं घर खाली बिळात.

रान तुटलं की ढोल्या जातात, ही मंडळीही जातात. जागा मात्र ओस पडत नाही. काळा उंदीर चढण्यात पटाईत. घराच्या माळ्यावर तो, माडाच्या शेंड्यातही तोच. नारळाला देठाजवळ भोक दिसलं की त्याचंच काम समजा. बांधात मात्र घूस. बिळाच्या तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढीग, आत लोंब्यांचा साठा. घुशीला शेजारीण खपत नाही, एका बिळात सहसा एकच मोठी घूस. म्हणून एक मारली की तिच्या बिळात दुसरी शिरते! एकटीने आपल्याच खाचरात औषध टाकून फार उपयोग होत नाही. भात निसवण्याआधी सगळ्या वाडीने एकाच आठवड्यात बिळं खणलेली बरी. बांधही अरुंद आणि गवत काढलेले ठेवायचे, रुंद बांधात तिला घर करायला सोपं जातं.

माडाला जमिनीपासून साधारण 2 मीटरवर 40 सेंटीमीटर रुंद पत्रा गुंडाळतात. शेजारच्या झाडाची चुडतं लागत असतील तर तो खर्च फुकट, उंदीर वरूनच येतो. धामण बिळात शिरून उंदीर खाते, तिला मारू नका. विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला तर घुबडही मरतं.

आणि लावणीचं सांगायचंच आहे, कारण चिखलात दिवसभर वाकून आपणच असतो. उंदीर-घुशींच्या लघवीतून लेप्टोचे जंतू पाण्यात येतात आणि पायाच्या जखमेतून अंगात शिरतात. भेगा, जखमा झाकूनच खाचरात उतरा. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं दिसलं तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा, आणि चिखलात काम केलं होतं हे डॉक्टरांना आधी सांगा.