ताळा केलास का?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला ‘आवडलेले पुस्तक’ या विषयावर बोलायला सांगितले आहे. त्या पुस्तकापायी खाल्लेली बोलणीही सांगतो.

दहावीत असताना डॉ. पद्माकर विष्णु वर्तक यांचे ‘स्वयंभू’ माझ्या हाती लागले. वर्तक पुण्याचे, पेशाने शल्यचिकित्सक. वैद्यकी सांभाळून त्यांनी रामायण-महाभारत पिंजून काढले आणि वेदविज्ञान मंडळामार्फत पुस्तके काढली. पाठीशी कुठले विद्यापीठ नाही. ‘स्वयंभू’चा नायक भीम! भारतीय युद्धाची तारीख त्यांनी काढली १६ ऑक्टोबर, इ. स. पूर्व ५५६१. रामजन्माची काढली ४ डिसेंबर, इ. स. पूर्व ७३२३. १० ऑगस्ट १९७५ रोजी आपण सूक्ष्मदेहाने मंगळावर जाऊन आलो, असेही ते सांगत. असा हा माणूस!

मी भारावलो. गॅदरिंगमध्ये युद्धाची तारीख ठणकावून सांगितली, टाळ्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी गणिताच्या सरांनी बोलावले. सर आज पुढच्याच रांगेत बसले आहेत. म्हणाले, “तारीख पाठ केलीस, छान. ताळा केलास का?”

तेव्हा राग आला. ताळा करायला मला पुढे कित्येक वर्षे लागली. महाभारतात युद्धाच्या वेळची ग्रहस्थिती दिली आहे. पण एकाच ग्रहाला दोन-दोन नक्षत्रे सांगितलेली दिसतात. वर्तक म्हणतात, एक सायन, दुसरे निरयन. कल्पना बुद्धिमान आहे. पण शनीची फेरी साडेएकोणतीस वर्षांची, गुरूची बारा वर्षांची. म्हणजे साठेक वर्षांनी दोघेही जवळपास त्याच जागी येतात. त्यात श्लोकाचा अर्थ दोन तऱ्हांनी लावायची मुभा घेतली, की जुळणारी वर्षे आणखी वाढतात. म्हणून तर त्याच श्लोकांवरून इतरांनी वेगळी वर्षे काढली. परंपरेने कलियुगाचा आरंभ इ. स. पूर्व ३१०२. हस्तिनापूरला १९५०-५२ मध्ये उत्खनन करणारे बी. बी. लाल तर त्याहून कितीतरी अलीकडे आले.

पुण्यातच भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षे शेकडो हस्तलिखिते ताडून पाहिली. त्यांचा प्रश्न साधा होता : हा श्लोक मुळात होता का? आधी हा प्रश्न, मग तारीख. सरांचा ताळा म्हणजे हाच.

तरीही वर्तकांची टिंगल मला करवत नाही. त्यांच्यामुळे मी महाभारत उघडले. जुन्या गोष्टीला ‘केव्हा?’ असे विचारायची हिंमत त्यांनी दिली. माझे चुकले ते एवढेच, की मी हा प्रश्न घरात कधी विचारला नाही.

माझी आजी मुळशी धरणात बुडालेल्या गावातली. १९२१ साली रामनवमीला, १६ एप्रिलला, सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा ती परकरी पोर होती. माझ्या लहानपणी उन्हाळ्यात पाणी उतरले, की काठावर उभी राहून ती बोट दाखवायची : “तिथं आमचं खळं, तिथं देऊळ.” मी ‘हूं’ म्हणायचो. रामजन्माची तारीख मला तोंडपाठ होती. पण आजीने घर सोडले तो दिवस कोणता, बैलगाडीत काय काय भरले, देव कुठे नेला, हे मी विचारले नाही. मी कॉलेजात असताना ती गेली. आता कोणत्या नक्षत्रावरून काढू?

मित्रांनो, आपल्यापैकी निम्म्यांची मुळे त्या पाण्याखाली आहेत. पाणी पाहिलेली माणसे गेली; पण त्यांच्याकडून ऐकलेली माणसे अजून आहेत. तेव्हा घरी जाऊन एक वही घाला. गावाचे नाव, भावकी, देव, वाटा, जमिनीचा जुना कागद असेल तर त्याची प्रत. काकांनी सांगितलेले आत्याला विचारून पाहा. जुळले नाही, तर दोन्ही लिहा. पुढच्या मेळाव्यात त्या वह्या एकत्र करू.

आणि सर, या वेळी ताळा करूनच आणतो.