खनिजाचे धनी कोण?



1968 साली अमेरिकेतल्या अलास्का राज्यात, आर्क्टिक समुद्राच्या काठी, तेलाचा प्रचंड साठा सापडला. पुढच्याच वर्षी राज्यानं तिथल्या तेलपट्ट्यांचा लिलाव केला आणि तिजोरीत 90 कोटी डॉलर आले. काही वर्षांतच ते खर्ची पडले. त्यातून कामं झालीही. पण तेल संपल्यावर काय, हा प्रश्न लोकांना सतावू लागला.

त्या वेळचे गव्हर्नर जे हॅमंड स्वतः मासेमारी केलेले गृहस्थ. ब्रिस्टल बेच्या किनाऱ्यावर त्यांनी पाहिलं होतं, की सामन मासळीचा पैसा बाहेरचे बोटवाले घेऊन जातात आणि काठावरची गावं गरीबच राहतात. तेलाचं तसं होऊ नये, ही त्यांची तळमळ होती. 1976 मध्ये मतदारांनी राज्याच्या घटनेत दुरुस्ती केली. खनिजांच्या रॉयल्टीचा किमान 25 टक्के भाग एका कायम निधीत जायचा, आणि मुद्दलाला हात लावायचा नाही. 1982 मध्ये या निधीच्या उत्पन्नातून रहिवाशांना पहिला लाभांश मिळाला, माणशी 1000 डॉलर. तान्ह्या मुलाचाही वाटा मोठ्या माणसाइतकाच. घरात पाच माणसं तर पाच वाटे! जुन्या रहिवाशांना जास्त द्यावं, असं राज्याच्या मनात होतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं.

मला या रकमेपेक्षा तिचा परिणाम मोलाचा वाटतो. ज्याच्या घरी वाटा येतो, तो हिशेब विचारतो. 1999 मध्ये निधीचं काही उत्पन्न सरकारी खर्चाला वापरावं का, असं विचारलं, तेव्हा पाचांतल्या चारांहून अधिक मतदारांनी साफ नकार दिला. 2016 पासून तिथल्या सरकारनं लाभांशाला कात्री लावली आहे, आणि त्यावरून दरवर्षी वाद होतो. तो व्हायलाच हवा.

आता आपल्या गोव्याकडे येऊ. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतलं लोहखनिज टिपरमधून धक्क्यावर, तिथून बार्जमधून मांडवी-जुवारीतून बंदरात आणि पुढं परदेशी गेलं. गावाला उरली लाल धूळ आणि पाण्यानं भरलेले खाणींचे खड्डे. गेलेलं खनिज पुन्हा उगवत नाही. वडिलोपार्जित जमीन विकून आलेला पैसा शहाणं घर रोजच्या खर्चात उडवत नाही. खनिजाच्या पैशालाही तोच न्याय हवा. 21 एप्रिल 2014 रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला, की गोव्यात खणून विकलेल्या लोहखनिजाच्या विक्रीतले 10 टक्के एका कायम निधीत ठेवावेत, पुढच्या पिढ्यांचाही विचार करून.

हा निधी गोवेकरांच्या लेकराबाळांचा आहे. म्हणून गोव्यातल्या श्रोत्यांना माझी कळकळीची विनंती आहे: त्यात किती जमा झाले, ते कुठं गुंतवले, मुद्दल शाबूत आहे का, हे ग्रामसभेत विचारा, आपल्या आमदाराला विचारा, आणि लेखी उत्तर मागा.